हक्काची जागा नसलेला खेळाडू

बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षणाच्या नऊ जागा असतात, आणि हातातला मोजाही जागेनुसार बदलतो. पहिल्या बेसवरच्याचा मोजा रुंद, वेगळी बोटं नसलेला. कॅचरचा जाड, गादी भरलेला. दुसऱ्या बेसजवळच्याचा आखूड, कारण चेंडू त्यातून झटकन उपसून फेकायचा असतो. दूर मैदानात उभ्या असलेल्यांचा लांब. ज्याच्या बॅगेत यांतले तीन-चार मोजे सापडतात तो ‘युटिलिटी प्लेयर’. कोणी जखमी झाला, कोणाला वरच्या संघातून बोलावणं आलं, की त्या जागी याला उभं करायचं. याची स्वतःची हक्काची जागा मात्र एकही नसते. अशा बऱ्याच जणांचं खेळणं मायनर लीगमध्येच आटोपतं आणि त्यांतले काही तिथेच प्रशिक्षक होतात. खेळून जमलं नाही म्हणून लावलेली सोय, असंच त्याकडे पाहिलं जातं. मला ते पटत नाही. खेळाडू म्हणून घालवलेली ती वर्षं हीच प्रशिक्षकपदाची उमेदवारी असते, फक्त तेव्हा तिला कोणी तसं म्हणत नाही.

हे समजायला मायनर लीगची रचना माहीत हवी. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये 30 क्लब आहेत आणि प्रत्येकाचे सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए असे चार पायऱ्यांवरचे दुय्यम संघ. म्हणजे एकूण 120. आपला रणजीचा संघ करंडकासाठी खेळतो. तिथे दुय्यम संघाच्या हारजितीला क्लबच्या लेखी फारशी किंमत नाही. वर पाठवण्याजोगे खेळाडू तयार होणं महत्त्वाचं. ज्या मोजक्या पोरांवर क्लबने पैसा लावलेला असतो त्यांना रोज मैदानात उतरवायचं, आणि त्यांच्या आजूबाजूच्या जागा बाकीच्यांनी भरायच्या. पगार किती? 2023 मध्ये खेळाडूंचा पहिला सामूहिक करार होईपर्यंत सिंगल-एमध्ये वर्षाला साधारण 11,000 डॉलर आणि ट्रिपल-एमध्ये 17,500. करारानंतर ते 26,200 आणि 35,800 झाले. इतक्या पैशांत, बसचे रात्रभराचे प्रवास करत, उद्या कुठल्या जागी उभं राहायचं हे ठाऊक नसताना जो वर्षानुवर्षं तयारीत राहतो, त्याच्याबद्दल क्लबला कुठल्याही मुलाखतीत कळणार नाही ते कळलेलं असतं.

ब्रायन स्निटकरचं उदाहरण घ्या. 1977 मध्ये तो अटलांटा ब्रेव्हजकडे आला, निवडप्रक्रियेत कोणीही न घेतलेला. कॅचर म्हणून खेळला, पहिल्या बेसवरही खेळला. मेजर लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. 1980 मध्ये त्याचं खेळणं थांबलं. त्या वेळी क्लबमध्ये खेळाडू घडवण्याचं खातं हॅन्क एरनकडे होतं, 755 होमरन मारलेला एरन. त्यानेच स्निटकरला खेळाडू म्हणून मोकळं केलं आणि त्यानेच शिकवायचं काम देऊ केलं. पुढची पस्तीस वर्षं स्निटकर त्या एकाच क्लबमध्ये वर-खाली होत राहिला. दुय्यम संघ सांभाळले, मुख्य संघात तिसऱ्या बेसजवळ उभा राहून धावणाऱ्यांना इशारे दिले, आणि 2013 नंतर पुन्हा खाली, ग्विनेटच्या ट्रिपल-ए संघाकडे रवाना झाला. मे 2016 मध्ये मुख्य संघ 9 सामने जिंकून 28 हरलेला असताना व्यवस्थापकाला, म्हणजे तिथल्या मुख्य प्रशिक्षकाला, काढलं आणि साठीच्या स्निटकरला तात्पुरतं बसवलं. तो ‘तात्पुरता’ माणूस 2025 पर्यंत टिकला. 2018 पासून सलग सहा वर्षं त्याचा संघ आपल्या विभागात पहिला आला आणि 2021 मध्ये त्याने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद, जिंकली.

एका स्निटकरमागे किती जण गुमनाम राहिले ते कोण मोजणार, हा आक्षेप रास्त आहे. माइक कूलबॉ सतराएक मोसम मायनर लीगमध्ये खेळला, मेजर लीगमध्ये अवघे 44 सामने. जुलै 2007 मध्ये टल्सा ड्रिलर्स या दुय्यम संघाचा फलंदाजी प्रशिक्षक झाला आणि त्याच महिन्याच्या 22 तारखेला, पहिल्या बेसजवळच्या प्रशिक्षकाच्या चौकोनात उभा असताना, सरळ आलेला जोरकस फटका लागून पस्तिसाव्या वर्षी गेला. पुढच्या मोसमापासून बेसजवळ उभ्या राहणाऱ्या प्रशिक्षकांना हेल्मेट सक्तीचं झालं. तेव्हा ही वाट यशाकडे जाते असं माझं म्हणणंच नाही. तिथे जे काम असतं त्याला लागणारा माणूस याच वाटेवर तयार होतो, एवढंच म्हणणं आहे.

मग थोर खेळाडूंना शिकवता येत नाही का? येतं की. टेड विल्यम्सने 1969 मध्ये वॉशिंग्टन सेनेटर्स हाती घेतले, फलंदाजी सुधारली, 86 सामने जिंकले. पण चौथ्या वर्षी, टेक्सासला गेलेल्या त्याच संघाने 100 सामने गमावले, आणि विल्यम्सने काम सोडलं. ज्ञान कमी पडलं असं कोण म्हणेल? पण हे काम रोज, सामान्य माणसांबरोबर, महिनोन्‌महिने करायचं असतं.

याहून अवघड प्रश्न उलट्या बाजूने येतो. माइक शिल्ड व्यावसायिक बेसबॉल कधीच खेळला नाही, तरी 2019 मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम व्यवस्थापक ठरला. यँकीजच्या टॅम्पातल्या दुय्यम संघाची व्यवस्थापक 2022 मध्ये रेचेल बाल्कोव्हेक झाली; तीही व्यावसायिक बेसबॉल खेळलेली नव्हती. यापुढे खेळल्याची अट धरून बसता येत नाही, हे मान्यच करावं लागतं. मात्र दोघंही खालच्या पायऱ्यांवरूनच चढले, त्या बसप्रवासांसकट. म्हणजे खेळाडू म्हणून आलेलं अपयश काही शिकवतं असं नाही. खालच्या पायरीवर काढलेला काळ शिकवतो, आणि युटिलिटी खेळाडूकडे तो आधीच जमा असतो.

हा काळही आता आकसतोय. फटक्याचा वेग आणि कोन मोजणारी यंत्रं आल्यापासून आकडे वाचता येणारा तरुण चटकन वर पोचतो. स्निटकरचा मुलगा ट्रॉय हाही मायनर लीगमध्ये थोडा खेळला आणि तिशीतच ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या मुख्य संघाचा फलंदाजी प्रशिक्षक झाला. 2021 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बापाच्या संघासमोर होता तो हाच ॲस्ट्रोजचा संघ. बाप जिंकला, पण एका मालिकेवरून दोन पद्धतींचा निवाडा करू नये. पुढच्याच वर्षी अजिंक्यपद ॲस्ट्रोजकडे गेलं.