तारापूर ते जैतापूर : अणुविजेचे आश्वासन आणि कसोटी

विहिरीवरील पंप, पिठाची गिरणी, आरोग्य केंद्रातील लसींची शीतपेटी आणि शाळेतील संगणक ही सर्व विजेवर चालणारी साधने होत. वीज अपुरी पडली की त्यांचे काम थांबते. या शतकाच्या पहिल्या दशकात राज्यातील ग्रामीण जनतेने भारनियमनाच्या रूपाने याचा कटू अनुभव घेतला. रात्री-अपरात्री पिकाला पाणी देण्याची वेळ असंख्य शेतकऱ्यांवर आली. तेव्हापासून वीजनिर्मिती वाढली, तथापि मागणीही तितक्याच झपाट्याने वाढत आहे. त्यातच हवामान बदलाचा प्रश्न उभा राहिल्याने वीज अधिक हवी आणि धूर मात्र कमी हवा, असा दुहेरी पेच आज निर्माण झाला आहे. या पेचाचे उत्तर म्हणून अणुविजेकडे बोट दाखविले जाते. महाराष्ट्राच्या भूमीवर तारापूर येथे अणुविजेचा अर्धशतकाहून अधिक काळाचा अनुभव जमा झाला असल्याने हे उत्तर कितपत खरे आहे, याची पारख येथेच करता येण्याजोगी आहे.

कोळशाची किंमत

राज्याच्या वीजनिर्मितीचा मुख्य आधार आजही कोळसा हाच आहे. चंद्रपूर येथील औष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. भारतीय कोळशावर चालणाऱ्या १,००० मेगावॅटच्या केंद्राला पूर्ण क्षमतेने चालण्यासाठी दररोज सुमारे १५,००० टन कोळसा लागतो. या कोळशात राखेचे प्रमाण तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक असते. राख डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार होते. कार्बन डायॉक्साइड वायू मात्र अदृश्यपणे वातावरणात साठत राहतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. २०२४ मध्ये हे प्रमाण ४२० च्या वर गेले. अरबी समुद्राचे पाणी तापत आहे. जून २०२० मधील ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ या चक्रीवादळांनी कोकणातील घरांची आणि बागायतींची केलेली हानी अद्याप स्मरणात आहे. पाणी तापत गेल्यास अशा वादळांचे बळ वाढते, असे शास्त्रज्ञांचे मत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरशासकीय हवामान बदल समितीने २०१४ च्या अहवालात विजेच्या विविध साधनांची तुलना केली. केंद्राची उभारणी, इंधनाचे खाणकाम व वाहतूक धरून कोळशाच्या एका युनिट विजेमागे सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायॉक्साइड वातावरणात जातो. अणुविजेच्या बाबतीत हाच आकडा सुमारे १२ ग्रॅम आहे. पवनविजेचा आकडाही जवळपास इतकाच आहे. हवामानाच्या दृष्टीने अणुविजेचे महत्त्व या एका तुलनेवरून स्पष्ट व्हावे.

अणूतून वीज कशी मिळते

औष्णिक केंद्रात आणि अणुकेंद्रात शेवटचे काम एकच असते. पाण्याची वाफ करावयाची, वाफेच्या दाबाने टर्बाइन फिरवावयाचे आणि त्याला जोडलेल्या जनित्रातून वीज मिळवावयाची. भेद आहे तो उष्णता निर्माण करण्याच्या रीतीत. युरेनियम-२३५ या अणूच्या केंद्रकावर न्यूट्रॉन आदळला असता ते दुभंगते, उष्णता बाहेर पडते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात. हे न्यूट्रॉन पुढील केंद्रके फोडतात व शृंखला सुरू राहते. न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या नियंत्रक दांड्यांच्या साहाय्याने या शृंखलेचा वेग राखला जातो. अशा रीतीने अवघ्या १ ग्रॅम युरेनियम-२३५ पासून सुमारे ३ टन उत्तम कोळशाइतकी उष्णता मिळते.

निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये हा उपयुक्त प्रकार शेकडा ०.७ इतकाच असतो. काही अणुभट्ट्यांसाठी त्याचे प्रमाण वाढवून समृद्ध युरेनियम वापरावे लागते. तर जड पाणी वापरणाऱ्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालू शकतात. वरवर तांत्रिक वाटणारा हा भेद राष्ट्राच्या स्वावलंबनाशी कसा निगडित आहे, हे तारापूरच्या इतिहासावरून दिसून येते.

तारापूरचा धडा

तारापूर येथील पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या सहकार्याने उभारण्यात आल्या आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यांतून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. देशातील हे पहिले अणुविद्युत केंद्र होय. त्याची वीज महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांना मिळू लागली. प्रत्येकी २१० मेगावॅटच्या या भट्ट्यांची क्षमता पुढे तांत्रिक अडचणींमुळे १६० मेगावॅटवर आणावी लागली. त्यांना समृद्ध युरेनियम लागत असे आणि १९६३ च्या करारानुसार त्याचा पुरवठा अमेरिकेने करावयाचा होता. १९७४ मधील पोखरण येथील चाचणीनंतर आणि अमेरिकेने १९७८ मध्ये केलेल्या कायद्यानंतर हा पुरवठा अडचणीत आला. अखेरीस १९८२ मध्ये फ्रान्सशी बोलणी होऊन इंधनाची सोय झाली. परकीय इंधनावर विसंबलेले केंद्र परकीय धोरणाच्या लाटेवर हेलकावे खाते, हा धडा त्या काळाने दिला.

डॉ. होमी भाभा यांना या धोक्याची कल्पना फार पूर्वीच आली होती. भारतात युरेनियमचे साठे मर्यादित, परंतु केरळ, तामिळनाडू, आंध्र प्रदेश व ओडिशा यांच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम विपुल आहे. म्हणून त्यांनी तीन टप्प्यांची योजना मांडली. पहिल्या टप्प्यात जड पाण्याच्या भट्ट्यांतून वीज व प्लुटोनियम मिळवावयाचे, दुसऱ्या टप्प्यात ते प्लुटोनियम वापरणाऱ्या शीघ्र प्रजनक भट्ट्या चालवावयाच्या आणि तिसऱ्या टप्प्यात थोरियमकडे वळावयाचे, असा तो क्रम आहे. तारापूर येथीलच प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्या पहिल्या टप्प्यातील आहेत. भारतीय अभियंत्यांनी आराखडा तयार करून उभारलेल्या या भट्ट्या २००५ व २००६ मध्ये वीज देऊ लागल्या. दुसऱ्या टप्प्यासाठी कल्पक्कम येथे ५०० मेगावॅटची प्रजनक भट्टी उभारण्यात आली. तिच्या उभारणीला ठरल्यापेक्षा अनेक वर्षे अधिक लागली. थोरियमचा टप्पा त्याहूनही पुढचा आहे.

तारापूरच्या या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. त्यांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले. वीज शहरांना, कारखान्यांना आणि दूरच्या गावांना मिळते, स्थलांतर मात्र ठरावीक कुटुंबांच्या वाट्याला येते. या विषमतेची भरपाई वेळेवर आणि सन्मानाने झाली नाही, तर पुढील प्रत्येक प्रकल्पाला अविश्वासाचा वारसा मिळतो.

सुरक्षिततेचा प्रश्न

अणुभट्टीचा स्फोट अणुबॉम्बसारखा होईल, ही समजूत चुकीची आहे. भट्टीतील इंधनात त्यासाठी लागणारी तीव्रता नसते. खरा धोका निराळा आहे. नियंत्रक दांडे खाली सोडताच शृंखला काही सेकंदांत थांबते, परंतु इंधनात तयार झालेली किरणोत्सर्गी द्रव्ये उष्णता देतच राहतात. भट्टी बंद झाल्याक्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या शेकडा ६ ते ७ इतकी असते व नंतर हळूहळू उतरते. तोपर्यंत पाण्याचा प्रवाह अखंड ठेवावा लागतो. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे भूकंप होताच भट्ट्या बंद झाल्या होत्या. मात्र त्सुनामीच्या पाण्याने डिझेल जनित्रे निकामी केली, पंप थांबले आणि इंधन वितळले. १९७९ मधील अमेरिकेतील थ्री माइल आयलंड आणि १९८६ मधील चेर्नोबिल येथील अपघातांत यंत्रदोषांना मानवी चुकांचीही जोड मिळाली होती. उलटपक्षी, २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचे पाणी कल्पक्कम येथील पंपगृहात शिरले असता तेथील चालू भट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली.

भारतात या कामावर देखरेख ठेवण्यासाठी १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याला पुरेशी वैधानिक स्वायत्तता नसल्याचे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात निदर्शनास आणले होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला आणि त्याचबरोबर खासगी क्षेत्रालाही अणुविजेची दारे खुली केली. परिणामी नियामकाची जबाबदारी पूर्वीपेक्षा वाढली आहे.

वापरलेल्या इंधनाचे काय?

अणुइंधन अल्प लागते, त्यामुळे कचराही आकारमानाने अल्प असतो; पण तो दीर्घायुषी आहे. सीझियम व स्ट्रॉन्शियम या द्रव्यांचा किरणोत्सर्ग निम्मा होण्यास सुमारे ३० वर्षे लागतात, तर प्लुटोनियमला सुमारे २४,००० वर्षे. भारतात वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करून उपयुक्त द्रव्ये वेगळी काढण्यात येतात आणि उरलेला तीव्र कचरा काचेत बंदिस्त केला जातो. या दोन्ही सोयी तारापूर येथे आहेत. काचेतील हा कचरा देखरेखीखाली साठविला जातो. मात्र तो कायमचा पुरण्यासाठी लागणारे खोल भूगर्भातील भांडार देशात अद्याप उभे राहिलेले नाही. वीज वापरणारी पिढी एक आणि राखण करणारी पिढी दुसरी, हे या साधनाचे वैशिष्ट्य विसरता येणार नाही.

काळाची कसोटी

रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात माडबन परिसरात जैतापूर प्रकल्पासाठी प्रारंभी प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच भट्ट्यांची योजना होती. एकूण ९,९०० मेगावॅटच्या या प्रकल्पाला नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. मासेमारी, आंबा बागायती आणि भूकंपाची शक्यता यांविषयी स्थानिकांनी शंका उपस्थित केल्या. एप्रिल २०११ मधील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. २०२५ अखेरपर्यंत तेथे भट्टीचे बांधकाम सुरू झाले नव्हते. याच जातीच्या भट्टीचे काम फ्रान्समधील फ्लामांव्हील येथे २००७ मध्ये सुरू झाले; तिची वीज २०२४ च्या डिसेंबरमध्ये मिळू लागली. गुजरातमधील काक्रापार येथील ७०० मेगावॅटच्या तिसऱ्या भट्टीलाही पहिल्या काँक्रीटपासून व्यापारी विजेपर्यंत सुमारे साडेबारा वर्षे लागली.

देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा आज सुमारे ३ टक्के आहे. २०४७ पर्यंत १०० गिगावॅटचे उद्दिष्ट केंद्र शासनाने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. सध्याच्या सुमारे ९ गिगावॅटच्या तुलनेत ही झेप फार मोठी आहे. म्हणूनच आजची टंचाई दूर करण्यासाठी सौर व पवनविजेला पर्याय नाही. २०१७ पासून राबविण्यात येत असलेल्या मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेचा हेतू शेतकऱ्याला दिवसा वीज देणे हाच आहे. परंतु सूर्य मावळल्यावर व वारा पडल्यावर साठवणुकीची सोय लागते. वर्षभर, रात्रंदिवस एकसारखी वीज देणारे आणि धूर न सोडणारे केंद्र त्या वेळी कोळशाची जागा घेऊ शकते. अणुविजेचे स्थान येथे आहे. टंचाईवरील तातडीचा उपाय म्हणून तिच्याकडे पाहिल्यास निराशा पदरी पडेल. पुढील पिढीच्या विजेची तरतूद म्हणून पाहिल्यास तिचे मोल कळेल.

गावपातळीवरील कर्तव्य

अणुकेंद्राभोवती सुमारे १६ किलोमीटर परिघात आपत्कालीन नियोजन करावे लागते आणि केंद्राच्या हद्दीबाहेरील व्यवस्थेची धुरा जिल्हा प्रशासनाकडे असते. आपत्तीच्या वेळी घरात थांबावे की बाहेर पडावे, कोणत्या रस्त्याने जावे, थायरॉइड ग्रंथीच्या रक्षणासाठी आयोडीनच्या गोळ्या केव्हा घ्याव्यात, ही माहिती सरपंच, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांना आधीपासून असली तरच आराखडा उपयोगी पडतो. सर्वसामान्य माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो आणि केंद्रामुळे जनतेला मिळणाऱ्या मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. हे दोन आकडे शिक्षकांनी वर्गात समजावून दिले, तर अकारण भीतीही ओसरेल आणि मर्यादा पाळली जाते किंवा नाही, हे विचारण्याची सवयही लागेल. ग्रामसभेत विचारलेल्या शंकेला विरोध न समजता तिचे साधार उत्तर देणे, हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य ठरते. अणुकेंद्राचे आयुष्य अर्धशतकाहून अधिक असते. इतक्या दीर्घ शेजारासाठी भूसंपादनाच्या कागदांइतकाच परस्परांचा विश्वासही भक्कम असावा लागतो, आणि तो पहिली कुदळ पडण्यापूर्वीच मिळवावा लागतो.