मादी नाही म्हणते, तेव्हा नराकडेही पाहा

गायीचा माज अख्ख्या गावाला कळतो. ती हंबरते, चारा सोडते, सोट टाकते, दावे तोडते. एकवीस दिवसांनी पुन्हा तेच. शेळीचेही थोड्याफार फरकाने असेच. झाडीपट्टीतल्या ज्या माणसाने जन्मभर ही दोन जनावरे पाळली, तो ससे आणतो आणि त्यांच्याकडूनही अशीच काही खूण मिळेल म्हणून वाट पाहत बसतो. खूण मिळत नाही. मग एके दिवशी कंटाळून तो नर उचलून मादीच्या पिंजऱ्यात सोडतो, मादी त्याचा कान फोडते आणि मला फोन येतो, "डॉक्टरसाहेब, मादी नराले पाशी येऊच देत नाही जी!"

मी डॉक्टर नाही. पशुधन पर्यवेक्षक होतो. नोकरीला लागलो तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून एकच जिल्हा होता. गडचिरोली 1982 मध्ये वेगळा झाला. नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, वडसा या भागात गायींचे रेतन आणि शेळ्यांची लसीकरणे करण्यात उमर गेली. ससे मागाहून आले, कुणी बचत गटातून आणले, कुणी "महिन्यात घर भरते" असे सांगणाऱ्या दलालाकडून. पिल्ले परत विकत घेण्याची हमी देऊन नंतर गायब झालेल्या मंडळींबद्दल राज्यात बऱ्याच तक्रारी झाल्या, त्यात शिरत नाही. पण त्यांनी पसरवलेली एक समजूत अजून शिल्लक आहे. ससा म्हटला की तो वाढणारच, न वाढला तर मादी वांझ.

सशाच्या मादीला गायीसारखे ठरावीक माजचक्र नसते. तिच्या अंडाशयात अंडी पिकतात, काही दिवस टिकतात, नर मिळाला नाही तर विरून जातात आणि तोवर पुढची पिकायला लागलेली असतात. म्हणून बहुतेक दिवस ती तयार असू शकते, मधले थोडे दिवस नसते. अंडी सुटतात ती मात्र नर लागल्यावरच. मिलन झाले की मेंदूला इशारा जातो, पिट्युटरी ग्रंथीतून संप्रेरक रक्तात उतरते आणि साधारण 10 ते 12 तासांनी अंडी सुटतात. मांजर आणि उंट यांचेही असेच आहे. गायीचे अंडे आपल्या वेळेने सुटते, आपण रेतन त्या वेळेशी जुळवतो. सशात वेळ आपण ठरवू शकतो, पण मादीचा होकार असेल तरच.

नर लागल्यावरच अंडी सुटतात, ही गोष्ट इंग्लंडमधल्या वॉल्टर हीप यांनी 1905 मध्ये दाखवून दिली. तिचा उपयोग पुढे माणसांना झाला. अमेरिकेतल्या मॉरिस फ्रीडमन यांनी 1931 मध्ये गर्भ ओळखण्याची चाचणी काढली ती याच आधारावर. बाईची लघवी सशाच्या मादीला टोचायची. बाईला दिवस गेले असतील तर त्या लघवीतल्या संप्रेरकाने मादीची अंडी नराशिवायच सुटत. एरवी ती आपणहून सुटत नाहीत, म्हणून पुरावा पक्का. निकाल काहीही लागो, अंडाशय पाहायला मादी मारावी लागे. आज दुकानात मिळणारी पट्टी त्याच संप्रेरकाचा शोध घेते. पुढे 1959 मध्ये मिन च्युए चँग यांनी सशाची अंडी शरीराबाहेर फलित करून त्यांची जिवंत पिल्ले मिळवली. टेस्ट ट्यूब बाळाच्या वाटेवर ससा होता, हे मी गावात सांगतो तेव्हा म्हातारे हसतात आणि तरुण पोरी लक्ष देऊन ऐकतात.

आता आपल्याकडचे. पाळीव सशाचे मूळ स्पेन-पोर्तुगालकडचे. तिकडचा रानटी ससा दिवसाचा बराच वेळ जमिनीखालच्या गारव्यात काढतो. त्याला घाम जवळपास येत नाही. अंगातली उष्णता तो कानांतून आणि श्वासातून घालवतो. 15 ते 25 अंशांत तो सुखात असतो, 30 च्या वर त्याचे खाणे कमी होते. आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना म्हणजे 46-47 अंश. अशा उन्हात टिनाच्या छपराखाली, लोखंडी जाळीत बसलेल्या मादीने नर नाकारला तर मला तिचे नवल वाटत नाही. नवल मालकाचे वाटते.

पण खरी गोम नराकडे आहे. नराच्या वृषणात एक शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला सात-आठ आठवडे लागतात. नवतप्यात, म्हणजे 25 मे पासूनच्या त्या नऊ दिवसांत, जे बिघडते त्याचा परिणाम जुलै संपेपर्यंत, कधी ऑगस्टातही दिसतो. होते काय, की मृगाचा पाऊस पडतो, हवा गार होते, रोवणीच्या आधी जरा सवड असते म्हणून माणूस मादी नराकडे नेतो. कधी ती घेतही नाही, कधी घेते. नर चढतो, उतरतो, सगळे नीट दिसते. महिना उलटतो आणि पिल्ले नाहीत. बोल मादीलाच. आपल्या घरांत मूल झाले नाही की पहिली तपासणी सुनेची होते, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून मी सांगतो, उन्हाळ्यात जो थोडा गारवा तुमच्यापाशी आहे तो आधी नराला द्या. सगळ्यात सावलीची जागा नराची. छपरावर तणसाचा जाड थर, बाजूंना ओल्या पोत्यांचे पडदे, पिंजऱ्यात एखादा फुटका माठ आडवा घालून बाहेरून ओला ठेवायचा. ससा आपोआप त्याला टेकून बसतो. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा ओल्या पोत्यांचा उपयोग नाही. उलट दमट पिंजऱ्यात खरूज आणि हगवण येते. तेव्हा पोती काढून वारा खेळू द्यायचा.

नर ठीक असेल आणि ऋतूही ठीक असेल, मग मादी बघायची. पहिला प्रश्न मी विचारतो तो ऐकून लोकांना राग येतो, "ही मादीच आहे ना?" आरमोरीकडच्या एका घरात जोडी म्हणून आणलेले दोन ससे किती तरी महिने एका पिंजऱ्यात होते. एक दुसरीवर चढायची, घरच्यांना वाटायचे काम झाले. दोन्ही माद्याच होत्या. गंमत इथे संपत नाही. एका मादीने दुसरीवर चढण्यानेही अंडी सुटू शकतात आणि मग येतो खोटा गाभ. मादी छातीचे केस उपटते, घरटे करते, नराला पंजे मारते आणि 16 ते 18 दिवसांनी सगळे विरून जाते. बाजारातून माद्या एकत्र कोंबून आणल्या असतील तर हे हमखास होते. म्हणून आणल्या दिवसापासून प्रत्येक मादी वेगळी ठेवायची आणि अठरा दिवस नराचे नावच काढायचे नाही.

दुसरे पाहायचे ते अंग. मूल तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाईंकडे माद्या दिसायला इतक्या गोंडस होत्या, की पाहुणे फोटो काढत. घरातल्या आजी त्यांना रोज ताटातला भात, पोळीचे तुकडे आणि मूठ-मूठ चणे घालायच्या. "लेकरं आहेत जी माई," असे त्यांचे म्हणणे. सशाच्या मादीवर चरबी चढली की ती नर घ्यायला तयार होत नाही आणि घेतला तरी गाभ नीट राहत नाही. पाठीच्या कण्यावर बोट फिरवायचे. मणके लागले पाहिजेत, पण टोचता कामा नयेत. आजींचा भात बंद करायला दोन पिढ्यांची समजूत काढावी लागली. त्याऐवजी वाळलेले गवत भरपूर, हरळी, बरबटीचे वेल, लसूणघास, शेवग्याचा पाला आणि मोठ्या मादीला दिवसाला 100 ग्रॅमच्या आसपास खुराक. सुबाभूळ आपल्याकडे फुकट मिळते म्हणून लोक तीच घालतात. तिच्यातला मिमोसिन हा घटक केस गाळतो आणि जनन बिघडवतो, म्हणून ती मूठभरच. उलट हडकलेली मादी असेल तर नराकडे नेण्याआधी आठवडाभर खुराक थोडा वाढवायचा.

तळपाय उलटून बघायचे. जाळीवर राहून टाचांना जखमा झाल्या असतील तर मादी पाठ उचलणार कशी? कानात खपल्या असतील तर खरूज आहे, पशुवैद्याला दाखवा. केस गळण्याच्या काळातही ती टाळाटाळ करते. वयही पाहा. न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला या जातींची मादी पाच-सहा महिन्यांची झाली की तयार होते. मोठी दिसते म्हणून चौथ्या महिन्यात घाई करायची नाही.

शेवटी शेपूट उचलून योनीचा रंग. फिकट पांढरी असेल तर आज नाही. गुलाबी असेल तर थांबता येते. लालसर आणि सुजल्यासारखी असेल तर आजच. जांभळी पडली तर वेळ निघून चालली.

मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, नर मादीच्या नाही. आपल्या जागेत आलेल्याला ती हाकलते, हा तिचा हक्क आहे. पहाटे किंवा दिवे लागणीला न्यावे, नराच्या पिंजऱ्यातली भांडी आधी काढावीत. सगळे मिनिटभरात आटोपते. नर एका कुशीवर कोसळतो, कधी किंचाळतो, आणि नवखा माणूस म्हणतो की मेला. पाच मिनिटांत काही झाले नाही तर मादी परत आणायची, उद्या पुन्हा. तीन-चार दिवस नकारच असेल तर दोघांचे पिंजरे एका रात्रीपुरते बदलायचे. त्याच्या वासात ती झोपते, आणि सकाळी तिला तिथेच ठेवून नर आत सोडला की बऱ्याचदा काम होते. मिलन झाल्यावर काही तासांनी पुन्हा एकदा न्यावे, गाभ राहण्याची शक्यता वाढते.

मादीला धरून, पोटाखाली हात घालून मागचा भाग उचलून नर लावायची पद्धतही आहे. आधी व्यालेल्या मादीवर मी ती केली आहे. पहिलटकरणीवर नाही, आणि कुणाला करूही देत नाही. घाबरलेली मादी पुढे नराचा वास आला तरी कोपरा धरते. परदेशातल्या मोठ्या फार्मवर संप्रेरकाची इंजेक्शने देऊन एकाच दिवशी शेकडो माद्यांचे रेतन करतात. आपल्या दहा माद्यांना ते सोंग कशाला?

तारीख पिंजऱ्यावर लिहून ठेवा. बाराव्या ते चौदाव्या दिवशी पोट हलक्या हाताने चाचपले तर बोरांएवढ्या गाठी ओळीने हाताला लागतात. नसतील तर पुन्हा नराकडे. 28 व्या दिवशी घरट्याची पेटी ठेवा, 31 व्या दिवसाच्या आसपास ती विते. पिल्ले उघडी आणि आंधळी असतात.

इथे एक विचारणा हमखास येते, रानातला ससा धरून मादीला लावला तर? रानातला आपला ससा वेगळ्याच प्रजातीतला, त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. दोघांचा संकर होत नाही. शिवाय तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे आणि फॉरेस्टवाल्यांना हे कारण सांगून सुटका होणार नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांत सशांचा खरा हंगाम दसऱ्यापासून जानेवारी अखेरपर्यंत. फेब्रुवारीनंतर लावलेल्या मादीची पिल्ले दूध तुटायच्या आतच उन्हात सापडतात. डिसेंबरात आपला दिवस अकरा तासांच्या घरात असतो आणि मादीला 14 ते 16 तास उजेड आवडतो, तेव्हा संध्याकाळी तीन-चार तास एक साधा बल्ब पुरे. मात्र रोज त्याच वेळी. नवा नर घ्यायचा तर दिवाळीच्या सुमारास घ्या, सहा महिन्यांवरचा आणि आपल्या माद्यांच्या घराण्याबाहेरचा. विकणाऱ्याला विचारा, याची पिल्ले कुठे आहेत? दाखवतो म्हणाला तर जाऊन बघा, आणि तो पैसे आधी मागत असेल तर चहा पिऊन परत या.