दुपारचे बारा नक्की कधी वाजतात?

मुंबईत घड्याळात दुपारचे बारा वाजतात तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला नसतो. तो अजून पूर्वेच्याच अंगाला असतो आणि बरेचदा त्याची अर्ध्या तासाहून जास्त चढण बाकी असते. मला हे वाळवणांमुळे कळलं. मे महिन्यात गच्चीवर कुरडया घातल्या की पाण्याच्या टाकीच्या सावलीचा हिशोब ठेवावा लागतो. सकाळी सावली टाकीच्या पश्चिमेला पडते, दुपारनंतर पूर्वेला. म्हणजे प्लॅस्टिकचे कागद कधीतरी एका बाजूचे दुसऱ्या बाजूला न्यायचे. आईचं ठरलेलं असे: "बाराला जाऊ नकोस, पाऊण वाजायला आला की जा." बाराला का नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नाही. सावली तेव्हा पलटते, एवढं तिला पाहून ठाऊक होतं.

याचं कारण मिर्झापुरात आहे. प्रयागराजजवळच्या या भागातून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर भारताची प्रमाणवेळ ठरते. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मुंबई त्या रेषेपासून साडेनऊ अंशांहून थोडी जास्त पश्चिमेला आहे, त्यामुळे मिर्झापूरच्या डोक्यावर आलेला सूर्य मुंबईच्या डोक्यावर यायला साधारण साडेअडतीस मिनिटं घेतो. नागपूरला हाच फरक चौदा मिनिटांचा आहे. एकट्या महाराष्ट्राच्या दोन टोकांमध्ये सूर्याच्या हिशोबानं अर्ध्या तासाचं अंतर पडतं. मे महिन्यात नागपूरचा पाहुणा मुंबईत येतो आणि पहाटे उठून "अजून उजाडलं कसं नाही?" असं विचारतो, तेव्हा त्याचं काही चुकत नसतं.

मुंबईकरांनी या साडेअडतीस मिनिटांसाठी भांडण केलं आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावायची आणि शहर स्वतःच्या वेळेवर चालायचं, म्हणजे स्टेशनातलं घड्याळ शहराच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये सरकारनं मद्रासची वेळ मुंबईवर लादून पाहिली आणि दोन वर्षांत माघार घेतली. १९०६ च्या १ जानेवारीपासून सध्याची प्रमाणवेळ आली. तेव्हाही शहरात संताप झाला आणि गिरणी कामगारांनी निषेध केला. तो मला सर्वांत समजण्यासारखा वाटतो, कारण पाळीची वेळ घड्याळात तीच ठेवली तर कामगाराला रोज एकोणचाळीस मिनिटं आधी, अंधारात, घराबाहेर पडावं लागणार होतं. महापालिकेनं आपली 'बॉम्बे टाइम' पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवली. ती संपली १९५५ मध्ये. स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली तरी मुंबईत वेळ विचारली की "कुठली?" असा उलट प्रश्न येऊ शकत होता.

बरं, हा फरक रोज सारखा असता तरी गोष्ट सोपी होती. तसं नाही. मुंबईत फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजून त्रेपन्न मिनिटांनी आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून बावीस मिनिटांनी. घड्याळ स्थिर आणि सूर्य अर्धा तास मागे-पुढे! याची कारणं दोन. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे ती जानेवारीत सूर्याच्या जवळून वेगानं जाते आणि जुलैत दुरून सावकाश. शिवाय तिचा आस कललेला आहे. या दोन्हींमुळे एका माध्यान्हीपासून दुसऱ्या माध्यान्हीपर्यंतचा वेळ नेमका चोवीस तास क्वचितच भरतो. डिसेंबरच्या अखेरीस तो चोवीस तासांहून सुमारे अर्धा मिनिट जास्त असतो. अर्धा मिनिट रोज साठत गेला की महिन्याला पाव तास होतो.

या अर्ध्या मिनिटामुळे एक गंमत होते आणि ती कुणालाही घरबसल्या कॅलेंडरात पाहता येते. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरचा, हे शाळेत पाठ केलेलं असतं. मग सर्वांत लवकर अंधार त्याच दिवशी पडायला हवा आणि सर्वांत उशिरा त्याच दिवशी उजाडायला हवं. मुंबईत यातलं काहीच होत नाही. सर्वांत लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास होतो, सहाच्या सुमाराला. डिसेंबर अर्धा सरेपर्यंत संध्याकाळ लांबू लागलेली असते. सूर्योदय मात्र मागे मागेच सरकत राहतो आणि सर्वांत उशिरा, सव्वासातच्या सुमारास, होतो तो जानेवारीच्या मध्यावर. लंडनमध्ये हाच टप्पा डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत येतो. तिथे हिवाळ्यातला दिवस झपाट्यानं वाढतो आणि त्या वाढीपुढे अर्ध्या मिनिटाची घसरण लगेच हरते. मुंबईचा सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. इतक्या थोड्या चढ-उतारात दिवस वाढण्याची गतीही मंद असते, म्हणून अर्धा मिनिट जवळजवळ महिनाभर वरचढ ठरतो.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो, असं आपल्याकडे म्हणतात. जाणकार यावर हसतात: उत्तरायण २२ डिसेंबरलाच सुरू झालं, अयनचलनामुळे संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस या वेगानं पुढे सरकत १४ जानेवारीवर आली, तुमचं तीन आठवड्यांनी चुकतंय. त्यांचं गणित बरोबर आहे. पण पहाटे उठून चूल पेटवणाऱ्या, दूध घालायला निघणाऱ्या माणसाला दिवसाची लांबी मोजायची नसते, उजाडतं कधी एवढंच कळतं. आणि आपल्या अक्षांशावर सध्या सकाळ नेमकी संक्रांतीच्या सुमारासच फिरते. तोवर रोज थोडं उशिरा उजाडत होतं, त्यानंतर लवकर उजाडू लागतं. म्हण बनली तेव्हा हे तसंच होतं असा दावा मी करणार नाही, पण आज ती म्हण खिडकीत बसून तपासली तर पास होते.

आता सावलीकडे परत येऊ. महाराष्ट्र आणि गोवा पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. त्यामुळे आपल्या प्रत्येक गावाला वर्षातून दोनदा असा दिवस मिळतो की माध्यान्ही सूर्य खरोखर डोक्यावर असतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. पणजीला हा दिवस साधारण २ मेच्या आसपास येतो, कोल्हापूरला ६ मे, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे, नाशिकला २० मे, नागपूरला २६ मे. एक दिवस इकडेतिकडे चालतं, कारण सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचं आहे. सरळ कडांचा स्टीलचा डबा पुरतो, फक्त फरशी सपाट हवी. पाहणाऱ्यानं मात्र बाराच्या ठोक्याला गच्चीत जाऊन निराश होऊन खाली येऊ नये. मुंबईत वेळ बारा पस्तीसची, पुण्यात बारा एकतीसची. दिल्लीकरांना हे आयुष्यात कधी दिसत नाही, त्यांचं गाव कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे. मुंबईचा वर्षातला दुसरा दिवस २७-२८ जुलैच्या सुमारास येतो आणि बहुतेकदा ढगांच्या वर साजरा होतो.

या दोन तारखांच्या मधले दोन-अडीच महिने मुंबईत भर दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. 'उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही' हे वाक्य फ्लॅट दाखवणारे आत्मविश्वासानं म्हणतात. मे महिन्यात संध्याकाळी साडेसहाला माझ्या उत्तरमुखी स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर तिरपं ऊन पडतं आणि तेलाच्या बाटल्या हलवाव्या लागतात.

वर्षातून दोनदा हे सूत्र एकदा कळलं की कोल्हापूरचा किरणोत्सव वेगळ्या नजरेनं पाहता येतो. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येत देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. पारंपरिक तारखा ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. वरवर पाहता या तारखांचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. २१ डिसेंबरपासून मागे मोजत गेलं तर १० नोव्हेंबर येतं एकेचाळीस दिवसांवर. तेवढेच दिवस पुढे मोजले तर ३१ जानेवारी. म्हणजे सूर्य दक्षिणेला जाताना क्षितिजावर ज्या जागी मावळला, परतताना त्याच जागी पुन्हा मावळतो. बांधणाऱ्यांनी जागा एकच साधली, तारखा आपोआप दोन मिळाल्या. अरुंद आणि लांब वाटेतून तिरपा प्रकाश नेमका गाभाऱ्यात आणायचा तर दिशा साधण्यात फार ढिलाई चालत नाही. आज अडचण होते ती धुरकट हवेची, ढगांची आणि वाटेत उभ्या राहिलेल्या इमारतींची.

दिशा साधण्याची जुनी रीत सोपी आहे आणि अजून वापरण्यासारखी. जमिनीवर वर्तुळ काढायचं, मध्यभागी ओळंब्यात काठी रोवायची. त्या काठीला ज्योतिषग्रंथांत शंकू म्हणतात. सकाळी लांब असलेली सावली आखडत आखडत तिचं टोक वर्तुळाला टेकेल तिथे खूण, दुपारनंतर लांबत जाऊन पुन्हा टेकेल तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. इथे घड्याळ लागत नाही आणि होकायंत्रही नाही. मोबाईलमधलं होकायंत्र लोखंडी ग्रिलजवळ कसं भरकटतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला शंकूची किंमत कळेल.

जाता जाता रामनवमीचंही सांगायला हवं. बऱ्याच देवळांत पाळणा हलतो तो घड्याळाच्या बाराच्या ठोक्याला. एप्रिलच्या सुरुवातीला मुंबईत खरी माध्यान्ह बारा वाजून चाळीस मिनिटांच्या आसपास असते. सूर्यवंशातल्या रामाचा जन्म मिर्झापूरच्या वेळेनं साजरा होतो, असं म्हणायला हरकत नाही. त्यानं कुणाची भक्ती कमी होत नाही, सुंठवडाही तोच लागतो.

जे स्वतः कोल्हापुरात आणि ज्यांचे नातेवाईक नागपुरात आहेत, त्यांच्यासाठी मे महिन्यात एक उद्योग आहे. इजिप्तमध्ये एराटोस्थेनीसनं बावीसशे वर्षांपूर्वी तो केला होता: एका गावात सावली शून्य असताना उत्तरेकडच्या दुसऱ्या गावातली सावली मोजून त्यानं पृथ्वीचा घेर काढला. ६ मेला कोल्हापूरकरानं साडेबाराला आपल्या काठीची सावली नाहीशी होते याची खात्री करावी. नागपूरकरानं त्याच दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी एक मीटर उंच काठीची सावली मोजावी. ती सुमारे पावणेआठ सेंटीमीटर भरेल, म्हणजे कोन जवळजवळ साडेचार अंश. दोन शहरांमधलं सरळ दक्षिणोत्तर अंतर ४९० किलोमीटरच्या आसपास आहे. ते रस्त्याचं अंतर घ्यायचं नाही, नकाशावर अक्षांशांवरून काढायचं. साडेचार अंशांना ४९०, तर तीनशे साठ अंशांना किती, हे त्रैराशिक चौथी-पाचवीतल्या पोरालाही सोडवता येईल, आणि उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ येईल. दोघांनी एकाच क्षणी मोजायचं म्हणून फोनवर एक-दोन-तीन करू नये. प्रत्येकानं आपापली माध्यान्ह धरायची.