ओढ्याकाठची सरकारी जमीन

आदिलाबाद शहराच्या पश्चिमेस तलमडुगु मंडल आहे. काळी जमीन, तीत कपाशी, सोयाबीन व तूर यांची शेती, मधूनमधून साग व पळसाची राने आणि या सर्वांमधून वाट काढीत जाणारे लहानमोठे ओढे, असे या भागाचे स्वरूप आहे. मराठी बोलणारा शेतकरी ज्यास नाला म्हणतो, त्यासच त्याचा तेलुगू भाषिक शेजारी वागु म्हणतो. १९५६ मधील राज्यपुनर्रचनेच्या वेळी या जिल्ह्यातील किनवटचा भाग नांदेड जिल्ह्यास जोडला गेला व सरहद्द नव्याने आखली गेली; ओढ्यांच्या वाटा मात्र होत्या तशाच राहिल्या. मत्तडी वागुसारखे प्रवाह आजही उत्तरेस पैनगंगेला जाऊन मिळतात आणि तीच पैनगंगा पुढे बऱ्याच अंतरापर्यंत तेलंगण व महाराष्ट्र यांमधील सीमा ठरली आहे.

ओढा म्हणजे केवळ पाणी नव्हे. काठावरील अर्जुन, उंबर, जांभूळ, करंज, निर्गुडी व शिंदी, त्यांखालील लव्हाळा व वाळा आणि पाण्यात पडून कुजणारा पाला हे सर्व मिळून ओढा होतो. या पाल्यावर बारीक जलकीटक जगतात, कीटकांवर मासे व बेडूक आणि त्यांवर खंड्या व बगळा. चैत्र-वैशाखात उघड्या माळावरील तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, तेव्हा सावलीतील डोहच काय तो थंड राहतो. चितळ, नीलगाय, अस्वल, रानमांजर यांची पाण्यासाठी ये-जा याच झाडोऱ्याच्या आडोशाने होते.

काळ्या जमिनीच्या दृष्टीने या पट्टीचे महत्त्व अधिकच आहे. ही माती उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. ज्या काठावर मुळांचे जाळे नाही, तेथे भेगांत पाणी शिरून दरडीच्या दरडी पात्रात कोसळतात. पात्र उथळ व रुंद होते आणि पुढील पुराचे पाणी शेतात शिरते. काठाच्या बेतापर्यंत नांगर नेऊन शेतकरी दोन तास अधिक मिळवितो खरा, परंतु काही वर्षांतच ते दोन तास व त्यांच्या मागचे आणखी चार ओढा घेऊन जातो. वाहून गेलेला गाळ खालच्या तलावात साचतो. कपाशीवर फवारलेली औषधे व खते यांचा निचराही, मध्ये गवताची पट्टी नसेल तर, सरळ गुरांच्या पिण्याच्या पाण्यात होतो.

ही पट्टी कोणाच्या मालकीची? ओढ्याचे पात्र शासनाचे असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० मध्ये नद्या, नाले व तलाव यांच्या पात्रांविषयी तसे स्पष्ट नमूद आहे. तेलंगणात २००२ चा पाणी, जमीन व वृक्षविषयक अधिनियम लागू असून जलस्रोतांवरील अतिक्रमणास व बेसुमार वाळूउपशास आळा घालण्याची तरतूद त्यात आहे. पात्रास लागून कोठे गायरान असते, कोठे निजामकाळापासून खारीज खाता म्हणून लिहिली गेलेली पडीक जमीन, तर कोठे राखीव वन. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये सर्व राज्यांना निर्देश दिले. वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ च्या कलम ५ ने तर पाणलोट क्षेत्र व जलस्रोत यांच्या रक्षणाचा अधिकार प्रत्यक्ष ग्रामसभेच्या हाती दिला आहे. गोंड व कोलाम वस्त्यांच्या या जिल्ह्यात त्या तरतुदीचा उपयोग मोठा आहे. उणीव कायद्याची नाही. एकच ओढा महसूल, वन व पंचायत अशा तीन दप्तरांत तुकड्यातुकड्यांनी नोंदलेला असतो आणि सलग ओढा म्हणून त्याच्याकडे कोणीच पाहत नाही, ही खरी अडचण आहे.

वन्यप्राणी मात्र त्याच्याकडे सलग वाट म्हणूनच पाहतो. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात वाढलेल्या एका तरुण वाघास फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावण्यात आली होती. पुढे ‘वॉकर’ या नावाने तो प्रसिद्ध झाला. त्या वर्षीच्या जूनमध्ये तो अभयारण्याबाहेर पडला व आदिलाबादसह दोन्ही राज्यांतील अनेक जिल्हे पार करून डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नऊ महिन्यांत त्याची चाल तीन हजार किलोमीटरांहून अधिक भरली. तो बहुधा रात्री चाले, आणि शेतात उभ्या असलेल्या कपाशीने त्यास आडोसा दिला. परंतु कपाशी उपटली गेल्यावर उन्हाळ्यात अशा प्राण्यास लपावयास ओढ्याकाठावाचून जागा ती कोणती? पैनगंगा ओलांडून भीमपूर व तामसी मंडलांत वाघ आल्याच्या वार्ता त्यानंतरही अनेकदा आल्या आहेत.

येथे शेतकऱ्याचा आक्षेप ऐकून घेणे अगत्याचे आहे. झाडी वाढली की रानडुकरे वाढतात, एका रात्रीत पीक लोळवितात, आणि वाघ आला तर बैल जातो, असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. तथापि डुकरांना प्रिय असते ती वेडी बाभूळ व घाणेरी यांची अभेद्य जाळी. उंच देशी वृक्षांची, तळाशी मोकळी असलेली पट्टी नव्हे. ही जाळी वस्तीजवळून व पाणवठ्याच्या वाटेवरून काढून टाकणे हे संरक्षणाचेच काम होय. जनावर मारले गेल्यास वनखात्यास तत्काळ कळवून पंचनामा करून घ्यावा. दोन्ही राज्यांत भरपाईची तरतूद आहे. कुंपणात वीजप्रवाह सोडण्याचा उपाय मात्र डुकराआधी शेजाऱ्याचा जीव घेणारा आहे.

अमेरिकेच्या वायव्य भागातील सरकारी वनांत १९९४ च्या योजनेने मासे असलेल्या प्रवाहाच्या प्रत्येक बाजूस किमान तीनशे फूट पट्टी राखून ठेवली. तीन-चार एकरांच्या आपल्या शेतांत ती अपेक्षा हास्यास्पद ठरेल. येथे पात्राची सरकारी हद्द आणि तिच्या आतील झाडोरा एवढे राखले, तरी पुष्कळ आहे. त्याकरिता प्रथम मोजणी व्हावी व हद्दीचे दगड ग्रामसभेसमक्ष बसावेत. गुरांना पाण्यावर उतरण्यासाठी एक-दोन ठिकाणी दगडी उतार करून द्यावा आणि उरलेल्या काठावर निदान तीन पावसाळे चराई बंद ठेवावी. पुष्कळ ठिकाणी जुन्या खोडांना व मुळांना एवढ्यानेच फूट येते. लागवड करावयाची तर सागाच्या रांगा लावू नयेत. सागाच्या रुंद पानांवरून ओघळणारे मोठे थेंब खालची उघडी माती उखडतात.

मोजणीस योग्य काळ पऱ्हाट्या उपटल्यानंतरचा, फाल्गुन-चैत्राचा; तेव्हा काठ उघडा दिसतो. उंबराच्या फांद्या व वाळ्याचे ठोंब पहिल्या पावसात लावता येतात. करंजाच्या शेंगा शाळेतील मुलांनी उन्हाळ्यातच गोळा करून ठेवल्या तरी चालतात. जांभळाचे बी मात्र साठवून टिकत नाही. फळ खाल्ल्यावर ते आठ-पंधरा दिवसांच्या आत ओल्या काठावर टोचले पाहिजे.