निर्णयाच्या आधीची बैठक

संपादकांनी ‘लोकशिक्षण आणि स्थानिक स्वराज्य : दीडशे वर्षांचा आढावा’ असा भारदस्त विषय दिला आहे. दीडशे वर्षे काही मी पाहिलेली नाहीत. त्यातली शेवटची चाळीस मात्र गावोगावच्या सतरंज्यांवर मांडी घालून काढली. तेव्हा काटा कुठे झुकणार हे वाचकांनी आधीच ओळखावे, आणि ज्यांना समतोल हवा असेल त्यांनी पान उलटून पुढच्या कथेकडे जावे.

सुरुवात पुण्यापासून करायची रीत आहे, ती पाळतो. १८७० साली सार्वजनिक सभा निघाली. ती काढणारे गणेश वासुदेव जोशी आपल्याला आठवतात ते स्वदेशीसाठी. मला मात्र त्या सभेचा एक नियम फार आवडतो. सभासद व्हायचे तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे तोंड उघडण्याआधी पन्नास उंबरे झिजवा! तीन वर्षांनी जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला आणि पुढे त्याच्या जलशांनी खेड्यातल्या माणसाला पोथीला आणि कुलकर्ण्याच्या दप्तराला प्रश्न विचारायला शिकवले. वसंत व्याख्यानमालेने ऐकायला शिकवले. लोकशिक्षण म्हणजे कुणीतरी बोलणे आणि बाकीच्यांनी ऐकणे, हा आपला समज तिथेच कुठेतरी रुजला असावा. तो अजून मुळासकट निघत नाही.

बलवंतराय मेहता समिती, वसंतराव नाईक समिती, १९६२च्या जिल्हा परिषदा, १९९३पासूनची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती हे सगळे स्पर्धा परीक्षेच्या पोरांना माझ्यापेक्षा चांगले पाठ आहे. ते त्यांच्याकडेच राहू दे. १९८६चे शेतकरी संघटनेचे चांदवडचे महिला अधिवेशन मात्र ओलांडून जाता येत नाही. तिथून परतलेल्या बायकांमुळेच पुढे, आरक्षणाचा कायदा यायच्याही आधी, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावात संपूर्ण महिलांचे पॅनेल निवडून आले. आधी चर्चा, मग सत्ता, मग कायदा असा तो क्रम होता. आता कायदा आधी येतो, सत्ता मागून येते आणि चर्चा राहूनच जाते.

आता माझ्या आवडत्या गावाकडे येतो. माझे मित्र म्हणतात की कुठलाही विषय दिला तरी मी तासाभरात मेंढ्याला पोचतो. पोचतो, खरे आहे.

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना धानोऱ्याच्या अलीकडे लेखा लागते, त्याला लागून मेंढा. शंभरेक घरांचे गोंडांचे गाव. ऐंशीच्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले, त्या धगीतून हे गाव विचाराला लागले. पुढाकार दोघांचा : देवाजी तोफा गावातले, मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून आलेले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांनी ऐकली आहे, टी-शर्टांवरही पाहिली आहे. घोषणेमागे काय होते ते फार थोड्यांनी पाहिले. तिथे होता अभ्यासगट.

अभ्यासगट या शब्दाने दचकू नका. काही माणसे बसतात, एक विषय घेतात, त्याची माहिती काढतात, बोलतात, उठतात. निर्णय घेत नाहीत. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही सर्वसहमतीने. अभ्यासगटात बाहेरचा माणूस बसू शकतो, वनाधिकारी बसू शकतो, माझ्यासारखा रिकामटेकडाही बसू शकतो. ग्रामसभेच्या निर्णयात मात्र त्याला तोंड नाही. अभ्यास आणि निर्णय यांची ही फारकत मी दुसरीकडे इतकी स्वच्छ पाहिली नाही. जिथे निर्णय व्हायचा नसतो तिथे माणूस ‘मला समजले नाही’ असे म्हणू शकतो, कालचे मत आज बदलू शकतो. निर्णयाच्या बैठकीत हेच करायला गेला तर पडला असे धरतात. आपल्या ग्रामसभांत एवढा आरडाओरडा का होतो? कारण विषय तिथेच पहिल्यांदा कळतो आणि तिथेच हात वर करायचा असतो.

मेंढ्यातले विषय तरी कसले? मध. पोळे जाळून मध काढायची रीत होती. माशांचा अभ्यास झाला आणि माशा न मारता मध काढायची पद्धत आली. मग जंगल, मग कायदा. १९२७च्या वन कायद्यात २०१७पर्यंत बांबू हे झाड होते, तर २००६च्या वनहक्क कायद्यात तोच बांबू गौण वनोपज आहे. झाड म्हटले की मालक वनखाते, वनोपज म्हटले की हक्क ग्रामसभेचा. एका शब्दावर अख्ख्या जंगलाचा व्यवहार लटकला होता, आणि तो शब्द या लोकांनी वाचला होता. २००९मध्ये सुमारे अठराशे हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू वाहून न्यायचा परवाना खात्याच्याच हातात. अखेर २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती गेले. वर्तमानपत्रांनी त्या दिवसाचे फोटो छापले. त्याआधीची पंचवीस वर्षे फोटोत येण्यासारखी नव्हती. मिलिंद बोकीलांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’मुळे ती निदान कागदावर तरी आली.

मेंढ्याबाहेरही असे प्रयत्न झाले. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४पासून जनसुनवाया घेतल्या, म्हणजे कामाच्या हजेरीपटाचे गावासमोर जाहीर वाचन. माहिती अधिकाराचे बी तिथले. केरळात १९९६च्या लोकयोजनेत राज्याच्या योजनेचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पैसा खाली सोडला. पण त्याआधी शास्त्र साहित्य परिषदेची माणसे वर्षानुवर्षे गावांचे नकाशे काढत हिंडत होती, हे विसरून चालणार नाही. पुण्यात २००६पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेतात. बाक, पदपथ, दिवे. बरे आहे.

आता माझ्या टीकाकारांकडे वळतो. एक पंथ म्हणतो, अभ्यास हे मध्यमवर्गी खूळ आहे, माणूस संघर्षातून शिकतो. शिकतो ना. पण मोर्चाहून घरी आल्यावर निवेदनाची पोच कुठल्या फायलीत गेली ते कोण पाहणार? दुसरा पंथ जास्त धारदार आहे. तो म्हणतो, मेंढा एकजिनसी गोंड गाव आहे; तुमची सर्वसहमती आमच्या मराठवाड्यातल्या गावात आणून दाखवा, पाटलाच्या वाड्यात ठरेल ती सर्वसहमती. इथे मी गप्प होतो. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४८मध्ये घटना समितीत खेड्याबद्दल जे कठोर बोल काढले, ते कुणा शहरी माणसाचे नव्हते, त्या खेड्याने बाहेर ठेवलेल्याचे होते. आणि माझा स्वतःचा अनुभवही त्यांच्याच बाजूने साक्ष देतो.

मराठवाड्यातल्या एका गावात, नाव सांगत नाही, आम्ही अभ्यासगट सुरू केला. मारुतीच्या पारावर. पहिले चार महिने बैठका झकास झाल्या. पाचव्या महिन्यात एका तरुण कार्यकर्तीने मला बाजूला घेऊन विचारले, ‘सर, वस्तीवरचं कुणी पारावर चढतंय का, पाहिलंत?’ मी पाहिले नव्हते. ते खाली उभे राहत, आणि त्यांना ऐकू येते म्हणून ते गटात आहेत असे मी वहीत लिहीत होतो. चार महिने! नंतर बैठक शाळेच्या वर्गात नेली. पारावरची निम्मी माणसे आलीच नाहीत.

पण जी आली त्यांनी काय केले ते सांगतो. विषय घेतला ‘नमुना आठ’. कर आकारणीची नोंदवही. घराचा उतारा म्हणून ती सगळ्यांना माहीत. वाचलेली कुणीच नाही. २००३चा शासन निर्णय आहे की घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे व्हावी. ग्रामसेवकाकडून वही मागितली, दोनदा नाही मिळाली, तिसऱ्यांदा मिळाली. बायकांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. एक म्हातारी, अक्षरओळख साक्षरता वर्गापुरती, आपले घर सापडेपर्यंत थांबायला तयार नव्हती. सापडले तेव्हा ते सतरा वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्याच्या नावावर होते. त्या वर्षी पट्टी तिने भरली होती, त्याच्या आदल्या वर्षीही तिनेच. ‘म्हंजे मी मेलेल्याची पट्टी भरते व्हय?’ वर्ग हसला, मग हसू थांबले. पुढच्या ग्रामसभेत नोंदी बदलण्याचा विषय आला तेव्हा भाषण कुणी केले नाही. नोंदीच्या क्रमांकांची यादी होती. ती वाचायला दहा मिनिटे लागली.

अशा अभ्यासगटांच्या जागी हल्ली ‘क्षमता बांधणी’ असते. तालुक्याला हॉल, बॅनर, हजेरीचा कागद, प्रवासभत्ता, पडद्यावर स्लाइड, त्यावर बाण. सरपंचबाई पहिल्या रांगेत आणि त्यांचे यजमान त्यांच्या शेजारी. पन्नास टक्के आरक्षण २०११ला आले. यजमानांना उठवायचा कायदा अजून आलेला नाही. हे मी प्रशिक्षकांना बोललो की ते म्हणतात, सर, आम्हाला उद्दिष्ट असतं. असेल. नव्या पिढीला दोष देऊन माझे काही भागणार नाही, आमच्याच पिढीने गटाला ‘प्रकल्प’ म्हणायला सुरुवात केली आणि प्रकल्पाला अखेरची तारीख असते. शहरांसाठी क्षेत्रसभेचा कायदा २००९ साली झाला. तुमच्या क्षेत्राची सभा शेवटची कधी भरली ते शेजाऱ्याला विचारून पाहा. ग्रामसभेला गणपूर्ती म्हणून पंधरा टक्के किंवा शंभर मतदार लागतात, ते न जमल्यास सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची गरज नाही. ही पळवाट सगळ्या महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. एवढा एकच नियम आपण मनापासून शिकलो.

मागच्या वर्षी मराठवाड्यातल्या त्याच गावात गेलो होतो. सभा अशीच तहकूब होऊन अर्ध्या तासाने पुन्हा भरली. अकरा डोकी, त्यातली दोन माझी आणि माझ्या ड्रायव्हरची. विषयपत्रिका वाचून झाली, सचिवांनी ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहायला पेन उचलले. मागून एक बाई म्हणाली, ‘विषय चार थांबवा, तो आम्ही अजून वाचला नाही.’ ती त्या म्हातारीची सून. सचिवांनी माझ्याकडे पाहिले, जणू मीच शिकवून ठेवले आहे. मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो. विषय चार पाणीपट्टीचा होता. तो पुढच्या सभेवर गेला आणि तिने त्याच्या कागदाची नक्कल मागितली. दोन रुपये सुटे नव्हते, ते मी दिले.