केसपेपरवरचा 'जी' काय मोजतो?

नाव नोंदवायला दवाखान्यात गेलं की सिस्टर केसपेपरच्या कोपऱ्यात लिहितात: जी ३, पी १, ए १, एल १. बायका वजन विचारतात, रक्त किती आहे विचारतात, या अक्षरांचं मात्र कुणी विचारत नाही. आणि त्यात तर त्या बाईचीच हकिकत असते.

'जी' म्हणजे ग्रॅव्हिडा. शब्द मूळचा लॅटिन, इंग्रजी डॉक्टरकीनं तसाच घेतला. अर्थ, जड झालेली बाई. शेजारची हिंदी बोलणारी बाई 'पाँव भारी है' म्हणते, तेच. संस्कृतातला 'गुरु' आणि पालीतला 'गरु' यांचाही मूळ अर्थ जड, आणि हे शब्द त्या लॅटिन शब्दाचे नातेवाईकच. पहिलटकरणीला आम्ही नर्स 'प्रायमी' म्हणतो, ते प्रायमिग्रॅव्हिडाचं तोकडं रूप.

'प्रेग्नंट' हाही लॅटिनमधूनच आलेला. त्याचा अर्थ जन्माच्या आधीची, आणि त्यातला जन्माचा धातू आपल्या 'जन'चा भाऊ. इतका साधा शब्द, पण अमेरिकेत १९५२ साली 'आय लव्ह लूसी' या टीव्ही मालिकेतली नायिका खरोखर गरोदर असताना तो उच्चारायला परवानगी नव्हती. त्याऐवजी 'वाट पाहतेय' अशा अर्थाचा शब्द वापरला. आपणही 'दिवस गेले' म्हणून वेळ मारून नेतोच की.

हा आडपडदा बोलण्यात चालतो, केसपेपरवर चालत नाही. 'जी' मुलं मोजत नाही, दिवस किती वेळा राहिले ते मोजतो. आताची वेळ धरून. जुळी झाली तरी एकदाच. 'पी' म्हणजे बाळंतपणं, 'एल' म्हणजे हयात मुलं, आणि 'ए' म्हणजे गर्भ पडला किंवा पाडला, दोन्ही. वरच्या बाईला तिसऱ्यांदा दिवस गेलेत, मूल एक, मधे एकदा पोट पडलेलं.

हा 'ए'च लपतो. सासू शेजारी उभी, नवऱ्याला माहीत नाही, मग बाई सांगते, 'हे दुसरं.' आकडा चुकतो आणि त्याची किंमत बाळाला पडू शकते. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि गर्भाचा पॉझिटिव्ह असेल, तर पोट पडतानाही आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध द्रव्यं तयार होऊ शकतात. पुढच्या बाळाच्या रक्तपेशी ती फोडतात. म्हणून अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यायचं असतं. ते तेव्हा मिळालं होतं का, हे डॉक्टर विचारणार कसे, मुळात झालेलंच माहीत नसेल तर? पिशवी धुतली असेल तर वार कुठे चिकटली आहे हेही सोनोग्राफीत नीट बघावं लागतं.

गर्भपात कायद्यानं गुन्हा नाही. कायदा १९७१ चा आहे, त्यातल्या अटी पाळून तो करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनुसार तो करणाऱ्या डॉक्टरांना बाईचं नाव आणि माहिती, कायद्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीशिवाय, कुणालाही सांगता येत नाही.

तेव्हा ताई, सासूबाईंना औषधाच्या रांगेत उभं करा आणि सिस्टरला म्हणा, 'मला एकटीला बोलायचंय.' आशाताई सोबत असल्या तर त्यांना आधीच कानात सांगून ठेवा. जुने कागद असतील तर सोबत न्या, रक्तगटाची चिठ्ठी आधी.