कुलाब्याचा मनोरा, खान्देशचा कापूस

जळगाव-धुळ्याकडची मंडळी मुंबईला गेली की गेटवेला फोटो काढून माघारी फिरतात. आणखी दक्षिणेला, नेव्ही नगरच्या वाटेवरचं अफगाण चर्च सहसा कुणी पाहत नाही. खरं तर आपल्याकडच्या कापसाची आणि या चर्चच्या मनोऱ्याची जुनी ओळख आहे.

1838 ते 1843 दरम्यान सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्या फौजेचं हे स्मारक. मुंबईची फौज जहाजांनीच सिंधूच्या मुखाकडे गेली होती. तिच्यासोबत जेम्स आउट्रॅम होता. 1825 पासून धरणगावात भिल्ल पलटण उभारणारा तोच. कलातच्या लढाईनंतर वेषांतर करून तो सोनमियानी बंदरापर्यंत सुखरूप पोचला. जे परतले नाहीत त्यांची नावं चर्चच्या भिंतींवर आहेत, म्हणजे अधिकाऱ्यांची. शिपाई इतके की नावं लिहिणं अशक्य, असं तिथला लेखच सांगतो. ही सबब मला पटत नाही. भिंती काही लहान नाहीत.

पायाभरणी 1847 ची. आराखडा शहराचे अभियंते हेन्री कॉनीबेअर यांचा. विहार तलावही त्यांचंच काम. सरकारनं जागा दिली ती एका अटीवर: बंदरात शिरणाऱ्या जहाजांना दिसेल इतका मनोरा उंच हवा. मेलेल्यांच्या आठवणीला साधं छप्परही पुरलं असतं. 198 फुटांची उंची लागली ती खलाशांसाठी. होकायंत्रावर मनोऱ्याची दिशा घ्यायची, मग दुसऱ्या एखाद्या खुणेची; नकाशावर दोन्ही रेघा छेदतील तिथं आपलं जहाज. कुलाब्याच्या टोकापुढे खडक दबा धरून बसलेले, आणि प्रॉंग्जचा दीपस्तंभ यायला 1875 उजाडायचं होतं.

1858 मध्ये चर्च खुलं झालं, तरी मनोरा पैशांअभावी रखडला. त्यासाठी वर्गणी गोळा होऊ लागली; पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनींनीही हातभार लावला. तोवर अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इकडे भाव कडाडले. कापसाचा बाजार तेव्हा कुलाब्यातच भरत असे. खान्देशच्या गासड्या घाट उतरून मुंबईला येत आणि लिव्हरपूलची जहाजं या अर्धवट मनोऱ्यासमोरून समुद्राला लागत.

युद्ध संपलं तसे भाव कोसळले. 1 जुलै 1865 ला मुंबईच्या भल्याभल्या सटोडियांचं दिवाळं वाजलं. मनोरा पुरा झाला होता 10 जूनला. महिनाभर उशीर झाला असता, तर वर्गणीला कुणाच्या दारात उभं राहणार होते?